इव्हेंटच्या धंद्यात पहिला अनुभव कुठून आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी परतूरची, जालन्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं काम दोनदा केलं, ते मनापासून आवडलं, आता यातच करिअर करायचं म्हणते. छत्रपती संभाजीनगरात दोन इव्हेंटवाल्यांना विचारलं, दोघांनीही ‘अनुभव आहे का?’ म्हणून परत पाठवलं. पुण्यातल्या एका कोर्सची फी दीड लाख सांगतात. घरी म्हणतात, एवढं शिकून मांडव टाकणार का? तर कोर्स करू, कुणाकडे फुकट काम करू, की सरळ पुणं गाठू?

मी या धंद्यात नांदेडला एका मंडप कंत्राटदाराच्या ऑफिसात वह्या लिहीत आले. आता संभाजीनगरला असते, लग्नंही करते आणि कंपन्यांचे कार्यक्रमही. त्यामुळे पुढचं सगळं मराठवाड्यातल्या धंद्याबद्दल आहे. मुंबईत मोठ्या एजन्सीत नोकरी हेच ध्येय असेल तर रस्ता वेगळा, त्याबद्दल खाली बोलते.

आधी त्या दोघांनी काय विचारलं ते नीट समजून घ्या. त्यांना तुमचं प्रमाणपत्र बघायचं नव्हतं. रात्री साडेनऊला जनरेटर बसला तर ही मुलगी कुणाला फोन लावेल, आणि तो माणूस हिचा फोन उचलेल का, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणजे काम कुठे कुठे अडतं हे माहीत असणं आणि ते सोडवणारी माणसं ओळखीची असणं. या दोन गोष्टी इव्हेंट कंपनीत हातात यादी घेऊन उभं राहून फार हळू येतात. तिथे नवख्याला स्वागताच्या टेबलावर बसवतात, गुलाबपाणी शिंपडायला लावतात, आणि खरं काम मांडवाच्या मागे चाललेलं असतं.

म्हणून माझं मत सरळ आहे: पहिला सीझन प्लॅनरकडे काढू नका. माल पुरवणाऱ्याकडे काढा. आणि त्यातही आधी मंडपवाल्याकडे.

का, ते सांगते. मंडपवाला सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो. पाव्हणे जागेवर पोचतात तेव्हा त्याचं निम्मं काम संपलेलं असतं. त्याच्या गोदामात एक जावक-आवक वही असते. ती वही लिहायला कुणालाच आवडत नाही, पोरं टाळतात, मालकाला वेळ नसतो. तुम्ही बी.कॉम. आहात, ती वही मागून घ्या. हजार पानांच्या लग्नाला हजार खुर्च्या कधीच जात नाहीत, हे मला त्या वहीतून कळलं. साडेसहाशे-सातशे जातात, कारण काही माणसं जेवणाकडे, काही बाहेर पानटपरीला, बायकांचा एक घोळका नवरीच्या खोलीत. पुढच्या दोन रांगांना सोफे, मग कव्हरच्या खुर्च्या, मागे साध्या. गालिचे फुटांत लिहितात, कनाती नगांत, झालरी बंडलात. दोन दिवसांनी माल परत आला की पुन्हा मोजणी, आणि तिथे खरी गंमत: कूलरची एक जाळी फुटलेली, चार टेबलांची कापडं तेलकट, खुर्च्या सात कमी. त्या सात खुर्च्यांचे पैसे कुणाच्या बिलात गेले, हे बघा. धंद्यातला नफा कुठे गळतो ते कुठलाही कोर्स इतकं स्पष्ट दाखवणार नाही.

तिथे मालकाला ‘मला इव्हेंट प्लॅनर व्हायचंय’ असं सांगून सुरुवात करू नका. तो तुमच्याकडे उद्याचा दलाल म्हणून बघेल, आणि त्यात त्याची चूकही नाही. सीझनभर हिशेब आणि बुकिंगची वही बघते, सोबत साइटवर येईन, असं सांगा.

मंडपानंतर केटररकडे थोडे दिवस काढा. इथे शिकायची मुख्य गोष्ट एकच, अंदाज. आपल्याकडे खेड्यातल्या लग्नाला आकडा विचारला की घरचे म्हणतात आठशे. पत्रिका किती छापल्या विचारा, उत्तर येतं पंधराशे. वर गावाला चूलबंद आवतण, म्हणजे अख्खं घर जेवायला. मग आठशे कुठले? जुने आचारी हे घरच्यांना विचारतच नाहीत. ते विचारतात, त्या दिवशी लग्नतिथ दाट आहे का, पंचक्रोशीत आणखी किती लग्नं आहेत, गावचा बाजार कुठल्या वारी, पाव्हणे जीपनं येणार की एसटीनं, आणि नवरदेवाचा बाप राजकारणात आहे का. शेवटच्या प्रश्नाला हो म्हटलं की आचारी न बोलता दोन पोती तांदूळ वाढवतो. मी हे विनोदानं सांगत नाहीये, आजही माझा पहिला अंदाज याच प्रश्नांवर बसतो.

केटररकडे आणखी एक गोष्ट बघा, पानांची मोजणी. भांडणं सगळ्यात जास्त इथेच होतात. पद्धत साधी आहे: ताटं पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत मांडायची, बुफे सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस गठ्ठे मोजून सही करतो, शेवटी उरलेली मोजतात. धुऊन पुन्हा लावलेली ताटं वेगळी लिहायची. ती सही घेणारा माणूस लग्नाच्या गडबडीत कुणालाच सापडत नाही. तुम्ही तो माणूस व्हा. दोन लग्नांनंतर केटरर स्वतः फोन करून विचारेल, पोरी, परवा येतेस का?

साउंड आणि लाइट शेवटी. त्यातलं तांत्रिक सगळं शिकायची गरज नाही, पण जनरेटरवर किती भार चालतो, कूलर आणि साउंड एकाच फेजवर का ठेवत नाहीत, एलईडी वॉल चढवायला किती वेळ लागतो, एवढं कळायलाच हवं. मार्च ते मे मध्ये आपल्याकडे दुपारनंतर अवकाळीचं वारं कधी सुटेल सांगता येत नाही, गारपीटही होते. आभाळ भरून आलं की पहिला निर्णय एलईडी वॉल खाली घेण्याचा आणि ट्रसखालची, म्हणजे दिवे टांगलेल्या धातूच्या सांगाड्याखालची, माणसं हलवण्याचा. तो निर्णय घ्यायला यजमान कधीच तयार नसतो, कारण फोटो व्हायचे असतात. तिथे ज्याचा शब्द चालतो तो खरा प्लॅनर.

वेळेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बाहेरून शिकून आलेली पोरं इथेच गडबडतात. त्यांच्या कागदावर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटं, जेवण १२.५०. प्रत्यक्षात काय होतं? सव्वाबाराला निरोप येतो, साहेब निघालेत. साहेब म्हणजे आमदार किंवा माजी आमदार किंवा कारखान्याचे चेअरमन. ते पोचेपर्यंत आधी आलेल्यांचे सत्कार, टॉवेल, टोपी, नारळ. माइकवाला प्रत्येकाचं नाव पदासकट वाचतो, आणि एखादं नाव राहिलं तर वर्षभर पुरणारा रुसवा. मग शुभेच्छांची भाषणं. एप्रिलमध्ये बेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली हजार माणसं बसलीत, पोरं रडतायत. शेवटची मंगलाष्टका संपून अक्षता पडल्या की पुढच्या पाच मिनिटांत सगळी गर्दी एकदम जेवणावर. तोवर भजी गार झाली, पाण्याचे जार रिकामे.

यावर माझे उपाय अगदी किरकोळ दिसतात. सत्काराची यादी आदल्या रात्री घरच्या थोरल्या माणसाकडून लिहून, त्याच्याच सहीनं घ्यायची. माइक एकाच माणसाच्या हातात. लहान मुलं आणि म्हाताऱ्यांसाठी एक काउंटर मुहूर्ताच्या आधीच उघडायचा, त्यासाठी यजमानाची परवानगी आधी काढायची. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी मी माणशी दोन लिटर धरते, हात धुवायचा टँकर वेगळा, आणि तो आदल्या संध्याकाळीच आत घेऊन ठेवते. सकाळी टँकरला पार्किंगमधून वाट मिळत नाही. या गोष्टी वाचून कळतात, पण अंगवळणी पडायला चार-पाच लग्नांत उन्हात उभं राहावं लागतं.

आता तुमच्या स्नेहसंमेलनाच्या अनुभवाबद्दल. तो टाकाऊ नाही, तुम्ही तो सांगता चुकीच्या पद्धतीनं. ‘मी आयोजन केलं’ म्हणण्यात काही अर्थ नाही, सगळेच म्हणतात. बजेट किती होतं, खर्च किती झाला, फरक कुठे पडला, किती संघांनी नावं दिली आणि किती आले, कार्यक्रम किती उशिरा सुरू झाला आणि का, हे एका पानावर लिहा. आतापासून प्रत्येक कामाचं असं एक पान ठेवा. सजवलेल्या स्टेजचे फोटो मला रोज कुणीतरी पाठवतं. अंदाज आणि प्रत्यक्ष यांचे दोन रकाने शेजारी लिहिलेला कागद क्वचितच कुणी दाखवतं. तो दाखवणाऱ्याला मी बोलावते.

गर्दीची सवय हवी असेल तर परतूरच्या आसपास एखादा अखंड हरिनाम सप्ताह गाठा. सात दिवस काकडा ते हरिजागर वेळापत्रक चालतं, काल्याच्या दिवशी हजारोंनी माणसं जेवतात. भाकरी घराघरातून येतात, आमटी चुलवाणावरच्या कढयांत. कुठल्या गल्लीतून किती भाकरी, कुठल्या गावची पोरं वाढायला, बायकांच्या रांगा कुठून सोडायच्या, हे सगळं न बोलता ठरलेलं असतं. पंगत उठते आणि दुसरी बसते त्यामधला वेळ मोजा. शहरातले महागडे बुफे इतके वेगानं चालत नाहीत. तिथे सेवा म्हणूनच जा, पैशाचा विषय काढू नका.

साहित्य संमेलनं हीसुद्धा चांगली शाळा आहे. २०२० च्या जानेवारीत त्र्याण्णवावं अखिल भारतीय संमेलन धाराशिवला झालं, तेव्हा ते उस्मानाबाद होतं, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये पंच्याण्णवावं उदगीरला. अशा ठिकाणी ग्रंथदिंडी, निवास, पाहुण्यांच्या गाड्या, ग्रंथप्रदर्शनाचे गाळे, एकाच वेळी दोन-तीन मंडपांत कार्यक्रम, असं सगळं असतं. निवास समितीत नाव द्या. व्यासपीठ समितीत गर्दी असते आणि काम कमी. निवासात पहाटे चारला गाडीनं उतरलेला पाहुणा, न मिळालेली खोली आणि संतापलेला कवी यांना एकदम सांभाळायची पाळी येते. विद्यापीठाचे युवक महोत्सवही असतात, तुमच्या कॉलेजातूनच जाता येईल.

फुकट काम करू का, याला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. सप्ताह आणि संमेलन सोडा, ते वेगळं. धंदेवाल्याकडे कमी का होईना, दिवसाचा रोज ठरवून घ्या. पैसे घेतले की तो तुम्हाला हक्कानं काम सांगतो, चुकलं तर बोलतो, आणि शिकणं तिथेच होतं. फुकट आलेल्याला सगळे ‘तुम्ही बसा हो’ म्हणतात.

मुलगी म्हणून अडचणी येतील, त्या झाकून ठेवत नाही. रात्रीचं परतणं ही सगळ्यात मोठी. मी सुरुवातीपासून एक अट ठेवली आहे, परतीची गाडी किंवा तिथेच घरच्या बायकांत झोपायची सोय, आणि ती काम घेतानाच बोलून घ्यायची. सामानाच्या टेम्पोतून यायचं नाही. पहिल्या एक-दोन साइटवर वडील किंवा भाऊ येऊन बघून गेले तर घरचा विरोधही पुष्कळ खाली बसतो. फायदाही आहे. हळद, नवरीची खोली, मेकअपवाल्या, रुखवत, ओटीचं सामान, या भागात पुरुष कोऑर्डिनेटर दारातच उभा राहतो आणि उशीर नेमका तिथूनच सुरू होतो. नवरी वेळेवर बाहेर आणणारी मुलगी या धंद्यात सोन्याच्या मोलाची.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. घरखर्च आत्तापासून तुमच्यावर असेल तर फक्त सीझनवर अवलंबून राहू नका, कारण सीझन तुटक असतो. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, त्यात काढीव मुहूर्तांवर थोडी लग्नं होतात तेवढीच. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू. त्यात अधिक मास कुठे पडतो तेही पंचांगात बघून ठेवा: २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच जिरला, पण २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन उन्हाळी सीझनवर. त्या महिन्यात लोक जावयाला धोंड्याचं जेवण घालतात, लग्न लावत नाहीत.

मधले महिने भरायला कंपन्या आहेत, आणि तुम्ही जालन्यात आहात हे तुमचं नशीब. तिथल्या बियाणे कंपन्यांच्या विक्रेत्यांच्या बैठका खरिपाच्या आधी होतात. संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या कारखान्यांत ४ मार्चच्या सुरक्षा दिनापासून आठवडाभर कार्यक्रम असतात. लातूरला निकाल लागले की क्लासवाल्यांचे गुणवंत सत्कार. कंपनीचं काम लग्नापेक्षा कोरडं, पण कागद शिकवतं: कोटेशन, परचेस ऑर्डर, जीएसटीचं बिल, टीडीएस कापून उशिरा येणारे पैसे. बी.कॉम. इथे उपयोगी पडतं.

नियमांचं एवढं तरी पाठ असू द्या. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देतं, ते पंधरापेक्षा जास्त नसतात आणि त्यात तुमचं लग्न बसेलच असं नाही. पोलीस ठाण्याची परवानगी अर्जदाराच्या नावावर काढायची, आपल्या नावावर नाही. गाण्यांच्या हक्काचं शुल्क मागत कुणी लग्नात आलं तर लग्नसमारंभाला कायद्यात सूट आहे आणि केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण तेच गाणं कंपनीच्या पार्टीत वाजवलं तर परवाना लागतो.

कोर्सबद्दल. मुंबई-पुण्यातल्या एजन्सीतच नोकरी हवी असेल तर कोर्स कामाचा, कारण तिथली इंटर्नशिप त्याच दारातून मिळते. पण फी भरण्याआधी मागच्या तुकडीतल्या दोन मुलांशी बोला, त्यांनी प्रत्यक्ष कुठले कार्यक्रम केले आणि आता कुठे आहेत ते विचारा. संस्था नंबर द्यायला तयार नसेल तर उत्तर मिळालं. इथेच काम करायचं असेल तर आत्ता दीड लाख घालू नका. एक सीझन झाल्यावरही कोर्स करावासा वाटला तर करा, तेव्हा वर्गात काय विचारायचं हे तुम्हाला कळलेलं असेल.

स्वतःचं पहिलं काम घ्याल तेव्हा डोहाळजेवण, बारसं, साखरपुडा, शंभर-दीडशे माणसांचं काहीतरी घ्या. नात्यातलं लग्न मात्र घेऊ नका, घरचे कितीही म्हणोत. तिथे पैसे मागता येत नाहीत, आणि वरण खारट झालं तर ते तुम्हीच केलं म्हणून दहा वर्षं ऐकावं लागतं. पैसे तीन भागांत: ठरताना, आदल्या दिवशी, आणि राहिलेले पाव्हणे उठायच्या आत. शेवटचा भाग लहान ठेवा. ‘कापूस विकला की देतो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिक असतो, पण कापसाचा भाव त्याच्या हातात नसतो आणि मंडपवाल्याला तुम्हाला सोमवारीच द्यायचे असतात.

घरच्यांच्या प्रश्नाला मला वाद घालावासा वाटत नाही. तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या मंडपवाल्याच्या गोदामात वडिलांना एकदा घेऊन जा, आणि पत्रे, ट्रस, जनरेटर मिळून तिथे किती लाखांचा माल पडला आहे ते त्याच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या.

जायचं ते दिवाळीच्या आधी, सीझन सुरू झाल्यावर मालकाला मान वर करायला वेळ नसतो. दुकानात जाऊ नका, तिथे तो गिऱ्हाइकात असतो. सकाळी नऊच्या सुमारास गोदामावर जा, तेव्हा तो कापडांची डागडुजी आणि मोजदाद करत असतो. सोबत तुमच्या स्नेहसंमेलनाचं ते एक पान न्या आणि जावक-आवकची वही मी लिहीन म्हणा.